सुतार झोपडीत बाबा

औरंगाबादची सहल ठरली ती आत्याच्या हट्टामुळे. त्याआधी आमच्या घरातलं कोणी नुसतं बघण्यासाठी म्हणून कुठे गेलं नव्हतं. गावी जायचं ते लग्नाला किंवा मयताला, आणि गावचं कोणी मुंबईत आलं की त्याला राणीची बाग दाखवून आणायची, एवढंच आमचं देशाटन. त्या शहराचं नाव आता बदललं आहे आणि माझी नात मला दर वेळी दुरुस्त करते. पण आम्ही गेलो तेव्हा ते औरंगाबाद होतं, आणि आमच्या घरात त्या तीन दिवसांना अजूनही औरंगाबादची सहलच म्हणतात, तेव्हा मी तेच लिहिते. नातीने तिच्या आठवणींत तिला हवं ते लिहावं.

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहत होतो. टेकडीच्या उतारावर चढत गेलेली बैठी चाळ, दोन घरांत मिळून एक भिंत, त्यामुळे शेजारच्या कांबळेकाकांकडे रेडिओ लागला की आम्हाला वेगळा लावावा लागत नसे. बाबा सुतार होते, जातीनेही आणि कामानेही. साकीनाक्याच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात ते फर्निचरचं काम करत आणि रविवारी घरासमोरच्या ओट्यावर शेजाऱ्यांची कामं. कोणाचा पाट, कोणाच्या फडताळाची दारं, कोणाच्या बाळाचा पांगुळगाडा. माझ्या लहानपणीचा रविवार म्हणजे रंध्याचा आवाज आणि सरस उकळण्याचा वास. सरस म्हणजे लाकूड चिकटवायची खळ, जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेली. तिचा वास असा की समोरच्या गुजराती बेन नाक मुरडून दार लावून घेत, आणि पुढच्या रविवारी त्याच बेन मोडक्या पायाचं स्टूल घेऊन हजर होत. रंध्यातून निघणारी लाकडाची कुरळी सालं मी केसांत अडकवून चाळभर मिरवायची. संध्याकाळी आई तीच सालं गोळा करून बंब पेटवायची. बाबा मुळातच कमी बोलणारे, पण काम करताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. काय ते कधीच कळलं नाही, सूर मात्र एकच असे.

त्या वर्षी दिवाळीच्या तीन-चार महिने आधी हे सगळं बंद पडलं. आमच्यात अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. तो दिवस सुतारांच्या मूळ पुरुषाचा, म्हणजे विश्वकर्म्याचा, आणि आत्या त्याला सरळ ‘उस्ताद’ म्हणायची, जणू तो बाजूच्या गल्लीत राहतो. बाबांनी हा नियम वीस वर्षं पाळला होता. त्या अमावास्येला मात्र कारखान्यात कसलीशी घाई होती. मालकाने जबरदस्ती केली नव्हती, जमलं तर ये एवढंच म्हणाला होता, आणि बाबा गेले. दुपारी चक्री करवतीत त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी गेली, वरची दोन पेरं. यंत्रात बिघाड नव्हता, कोणी धक्का मारला नव्हता. फळी पुढे सरकवताना बोट जिथे असायला नको तिथे होतं, बस्स.

कांबळेकाका महापालिकेच्या एका दवाखान्यात ड्रेसर होते. दिवसभर लोकांच्या जखमा बांधायच्या हेच त्यांचं काम. हॉस्पिटलातून बाबा घरी आल्यावर रोज संध्याकाळी काका कामावरून परस्पर आमच्याकडे येत, साबणाने कोपरापर्यंत हात धूत आणि बाबांचं बोट मांडीवर घेऊन पट्टी बदलत. दोघं एका वर्षी त्या चाळीत राहायला आलेले, त्यामुळे एकेरीवर. ‘काय रे दत्ता, आज ठणका किती?’ काका विचारत. बाबा म्हणत, ‘आहे.’ ‘आहे म्हणजे किती यार, मी काय अंतर्यामी आहे?’ जखम भरली, पट्टी सुटली, तरी बाबा कामाला जाईनात. हत्यारांची पेटी खाटेखाली होती तिथेच राहिली. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबांनी त्या दिवशी पेटी बाहेर काढली नाही. आईने खाली वाकून बंद पेटीवरच झेंडूची माळ टाकली आणि खाटेखालून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

माझ्या मामाने तोवर बाबांसाठी एका बँकेत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. युनिफॉर्म, दाराशी खुर्ची, वेळच्या वेळी सुटी. मामा सज्जन माणूस, त्याने तीन जणांचे पाय धरून ती जागा मिळवली होती. पण आईला ते नाव काढलेलं खपत नव्हतं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणायची, ‘माझ्या भावाने चांगल्या मनानेच बघितलंय गं. पण ज्या हाताने लोकांच्या घरची देवघरं केली, त्या हातात आता दांडकं द्यायचं?’ बाबा समोरच बसलेले असत. त्यांना कोणी विचारत नव्हतं असं नाही, विचारत होतो, पण ते ‘बघू’ म्हणत आणि आम्ही त्या ‘बघू’चा आपल्याला हवा तसा अर्थ लावत होतो. बँकेत दिवाळीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. कारखान्याच्या मालकानेही त्याच सुमाराला शेवटचा निरोप धाडला, येणार असशील तर ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. करवत की खुर्ची, ते आता त्या आठवड्यात ठरायचं होतं.

अशा वेळी आत्या गावाहून आली. बाबांची थोरली बहीण, बाबांना तिनेच वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द आमच्या घरात कोर्टाच्या निकालासारखा. तिने आल्या आल्या बाबांचं बोट उलटंपालटं करून बघितलं आणि निकाल दिला. ‘आवसंला हत्यार धरलंस. त्यानं बोट घेतलं. आता त्याच्याम्होरं जाऊन चूक कबूल कर, म्हंजी तो हात परत चालू करंल.’ त्याच्यासमोर म्हणजे कुठे, तर वेरूळला. वेरूळच्या लेण्यांत एक लेणं आहे, त्याला आमचे लोक सुतार झोपडी म्हणतात. आतलं सगळं छप्पर लाकडी वाशांसारखं, पण दगडात कोरलेलं. आणि मध्ये उस्ताद स्वतः बसलेला. आत्याने ते बघितलं नव्हतं, पण तिचा सासरा पायी जाऊन आला होता आणि त्याने सांगितलेलं तिला तोंडपाठ होतं. ‘लेणं कोरताना त्याचं बी बोट कापलं हुतं. रगात खाली सांडू नये म्हनून दुसऱ्या हातानं ते बोट धरून बसलाय. आजून तसाच हाय.’ हे ऐकल्यावर बाबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत त्यांनी कशाकडे एवढं लक्ष दिलेलं मी बघितलं नव्हतं. ‘जाऊ या,’ ते म्हणाले.

कांबळेकाकांच्या मेहुण्याची जीप होती आणि काका-काकूंनाही लेणी बघायची होती. ते बौद्ध, त्यांच्यासाठी ती नुसती बघायची जागा नव्हती. काकांकडे लेण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, फोटो असलेलं, आणि सहल ठरल्यापासून मी ते अख्खं वाचून काढलं. मी नववीत होते, वर्गात पहिली, आणि आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही हे कळलं की मला गुदगुल्या व्हायच्या. पुढे मी शाळेत शिकवायला लागले आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला, तेव्हा हा गुण वाया गेला असं म्हणता येत नाही. पुस्तक वाचल्यामुळे दहाव्या लेण्यात, म्हणजे त्या सुतार झोपडीत, कोण बसलं आहे हे मला निघण्याआधीच ठाऊक होतं. घरात सांगितलं नाही. तिथे गेल्यावर सांगून सगळ्यांना चकित करायचं मी ठरवलं होतं. असल्या माहितीची मी एक वहीच केली होती, वर झोकात ‘आमची सहल’ लिहून.

भल्या पहाटे निघालो. आईने दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या होत्या, लसणाची चटणी, बेसनाच्या वड्या, आणि बेननी डबाभर ठेपले दिले होते. कसाऱ्याचा घाट चढायच्या आधीच काकांनी ठेपल्यांना हात घातला. काकू म्हणाल्या, ‘अहो, दुपारला ठेवा काहीतरी.’ काका म्हणाले, ‘दुपारला दशम्या आहेत ना. ठेपले गरम असतानाच खायचे असतात.’ ठेपले आदल्या दिवशीचे होते. आत्या पुढच्या सीटवर पदराचं टोक तोंडात धरून बसली होती, तिला गाडी लागत होती, पण येवला येईपर्यंत तिने ते कबूल केलं नाही. बाबा मागे दाराजवळ, उजवा हात शर्टाच्या खिशात. हात खिशात घालून बसायची त्यांना तेव्हा सवयच लागली होती.

औरंगाबादला स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो आणि पहिल्या दिवशी शहर बघितलं. पाणचक्कीवर आत्याला एवढा प्रचंड वड बघून फार बरं वाटलं. लांबून नळातून आलेल्या पाण्यावर दळण दळलं जायचं हे काकांनी समजावलं, तर ती म्हणाली, ‘मंग बायका काय करीत हुत्या?’ मग बीबी का मकबरा. काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, ताजमहालच की.’ काकांनी सांगितलं, ‘तो नवऱ्याने बायकोसाठी बांधला, हा मुलाने आईसाठी.’ आई वर बघत म्हणाली, ‘म्हणूनच लहान आहे. सुनेने हात आखडता घ्यायला लावला असेल.’ सगळे हसले, बाबाही. मकबऱ्याच्या आवाराला एक मोठा लाकडी दरवाजा आहे, त्यावर पितळेचे पत्रे ठोकून नक्षी केलेली. लोक नक्षीला हात लावून फोटो काढत होते आणि बाबा दाराच्या मागे जाऊन उभे राहिले, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. दोन फळ्या जिथे जुळल्या होत्या त्या जागेवर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा फिरवला. आईने कांबळेकाकूंना कोपराने ढोसलं. तिला वाटलं, सुरुवात झाली. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळ. वाटेत दौलताबादचा किल्ला जीपमधूनच बघितला, कारण आत्याने सांगून टाकलं होतं की उस्तादाच्या आधी ती कोणाचं तोंड बघणार नाही. दहाव्या लेण्यासमोर चपला काढल्या. बाहेर अंगण, दोन्ही बाजूंना ओवऱ्या, वर सज्जा. आत शिरलो आणि थोडा वेळ काही दिसेना. मग डोळे सरावले तसं आधी छप्पर दिसलं. खरोखर वासे होते, एकापुढे एक, कमानीसारखे वाकवलेले, जुन्या बोटीचं पोट उलटं करून ठेवावं तसे. आणि शेवटी, स्तूपाला पाठ लावून, पाय खाली सोडून बसलेली ती मूर्ती. समोरच्या वरच्या खिडकीतून उजेड येतो तो बरोबर तिच्यावर पडतो. दोन्ही हात छातीशी, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटाला धरल्यासारखी. आत्याने सांगितलं होतं तस्सं.

कांबळेकाका आणि काकू एका खांबाशी हात जोडून उभे राहिले आणि हलक्या आवाजात त्रिशरण म्हणायला लागले. त्या लेण्यात कुजबुजही फिरून परत येते. दोघांचा आवाज दहा जणांसारखा वाटत होता. आत्याने पिशवीतून नारळ काढला तसा रखवालदार पुढे आला. ‘आजी, नारळ फोडायचा नाही इथे.’ ‘फोडत न्हाई बाबा, नुस्ता दावते.’ तिने खरंच तो नारळ मूर्तीला दाखवला आणि परत पिशवीत टाकला. मग म्हणाली, ‘दत्तू, म्होरं हो. हात दाव त्याला.’

बाबांनी खिशातून हात काढला. एवढ्या लोकांत त्यांनी तो बाहेर काढलेला मी पहिल्यांदाच बघत होते. एका कॉलेजची पंधरा-वीस मुलं वह्या घेऊन तिथे आली होती, तीही बघत होती. बाबांनी हात जोडले, अर्धं बोट नसलेला हात आणि दुसरा, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आई त्यांच्या मागे उभी होती, तिनेही डोळे मिटले. काय मागत आहेत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आत्या काकूंना मोठ्याने सांगत होती, ‘बगा, धरलंय का न्हाई बोट? कापलेलं हाय त्ये.’ आणि मी बोलले. वही माझ्या हातातच होती. मी म्हणाले, ‘आत्या, बोट कापलेलं नाहीये. ती धर्मचक्र मुद्रा आहे, उपदेश करतानाची. आणि हा विश्वकर्मा नाहीच. हे बुद्ध आहेत.’

माझा आवाज त्या छपरात फिरला आणि परत आला. कॉलेजच्या मुलांतल्या एकाने मागे वळून माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि मला आनंद झाला. तो आनंद मी इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं सांगताना लोक नेहमी ‘अगं, तू लहान होतीस’ असं म्हणतात. लहान होते, पण बाबांचे डोळे मिटलेले आहेत हे मला दिसत होतं.

बाबांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलं, मग मूर्तीच्या हातांकडे, मग मान वळवून कांबळेकाकांकडे. ‘काय रे,’ ते म्हणाले, ‘पोरगी म्हणते ते खरं आहे का?’

काका अडचणीत आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘हो,’ ते म्हणाले, ‘बुद्धच आहेत.’

‘आणि बोट?’

‘बोट शाबूत आहे, दत्ता.’

बाबा ‘बरं’ म्हणाले. जोडलेले हात सोडले आणि बाहेर जाऊन अंगणातल्या ओवरीत बसले. आत्याने माझा दंड धरला. ‘जळ्ळं मेलं तुझं शिक्षाण,’ ती म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. आई नुसती माझ्या अंगावरून पुढे गेली, बाबांच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघं समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ज्याच्याकडे मागायला दोनशे मैल आलो तोच मी तिथून उठवला होता. आता बाबा परत कामाला जाणार नाहीत, बँकेच्या दाराशी दांडकं घेऊन बसतील, आणि ते माझ्यामुळे, हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

कांबळेकाका माझ्याजवळ आले. ‘सुमन,’ ते म्हणाले, ‘ते बुद्ध आहेत हे मला तुझ्याआधी माहीत होतं. पुस्तक माझंच आहे.’

‘मग तुम्ही का नाही बोललात?’ मी विचारलं. मला रडू येत होतं.

‘ज्याच्या जखमेवर मी दीड महिना रोज पट्टी बांधली, तो तिथे काहीतरी बोलत होता. त्याचं बोलून होऊ दे म्हटलं, मग बाहेर चहा पिताना सांगू. आम्हाला काय, आमचे बुद्ध कुठे पळून जात नव्हते.’ मग म्हणाले, ‘तू खोटं नाही बोललीस. पण पट्टी सुकलेली असली तरी ओढून नाही काढायची गं. पाणी लावून काढायची.’ ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अर्ध्या तासाने बाबा उठले आणि परत आत आले. या वेळी त्यांनी मूर्तीकडे बघितलं नाही. वरती बघत, मान दुखेपर्यंत वरती बघत, ते त्या दगडी वाशांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग जिन्याने सज्ज्यावर गेले. मी लांबूनच त्यांच्या मागे. वर गेल्यावर ते मला म्हणाले, ‘दगडाला वासे कशाला लागतात? काढून टाकले तरी हे छप्पर पडणार नाही.’ त्या दिवसापुरती माझी हुशारी संपली होती. ‘ज्यांनी हे केलं त्यांना घर म्हणजे लाकडाचंच ठाऊक,’ ते म्हणाले. ‘हात त्याच वळणाने चालला. बोट कापो नाहीतर राहो.’ आणि ते खाली उतरले.

संध्याकाळी शहागंजच्या बाजूला एका हॉटेलात आम्ही नान-कलिया खाल्ला. औरंगाबादला आलं की तो खायचाच असतो, असं काकांनी वाटेत चार वेळा सांगितलं होतं. पिवळसर तर्री, मटण बोटाने मोडेल इतकं मऊ, आणि ताटाएवढा नान. आत्या सकाळपासून जेवली नव्हती, तीही जेवली. बाबा डाव्या हाताने नान दाबून धरून उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी तोडत होते. आई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी वर बघितलं, तिच्याकडे, मग आत्याकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘सोमवारपासून कारखान्यात जातो.’

आईचा घास हातातच राहिला. कांबळेकाकांनी टेबलावर थाप मारली, ‘झकास!’ आत्या मघाचं रडणं विसरून माझ्याकडे वळली. ‘बगितलंस? तू कायबी म्हन. पावला का न्हाई?’ मी मान हलवली. त्या क्षणी तिने सांगितलं असतं तर मी त्या मूर्तीला पंचवीस नारळ फोडले असते. मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक नान मागितला आणि तो संपवता आला नाही.

सोमवारी बाबा कामाला गेले. आईने चाळीत पेढे वाटले, बेननाही दिले. मामा थोडे दिवस नाराज होता, मग तोही निवळला. बाबा हळूहळू उरलेल्या बोटांनी सगळं करायला शिकले, चक्री करवतीवरही परत उभे राहिले, आणि पुढे बावीस वर्षं त्याच कारखान्यात काढून निवृत्त झाले. माझं डी.एड. त्या करवतीवर झालं, लग्न झालं, माझ्या लग्नातला पलंगही त्यांनीच केला. वेरूळला बाबांना हात परत मिळाला, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक नव्या सुनेला आणि जावयाला सांगितली जाते. आत्या तिच्या पद्धतीने सांगायची, काका त्यांच्या. माझ्या पद्धतीत माझं तोंड उघडणंही येतं, पण शेवट गोड असल्यामुळे लोक हसतात. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत असत. त्यांनी ती गोष्ट स्वतः कधी सांगितली नाही. मला वाटायचं, कमी बोलतात म्हणून.

आई गेल्यानंतरची पाच वर्षं बाबा माझ्याकडे मुलुंडला होते. ऐंशी उलटलेली, दिसायला कमी, म्हणून त्यांची नखं मी कापायची. एका दुपारी बाल्कनीत त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, ‘बाबा, तुम्ही तेव्हा वेरूळला मागत होतात आणि मी मध्येच बोलले. तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत.’

‘मी मागत नव्हतो,’ ते म्हणाले. ‘सांगत होतो.’

‘काय सांगत होतात?’

‘सोडतो म्हणून.’

मी नेलकटर बाजूला घेतला. ते रस्त्याकडे बघत बोलत राहिले, एका वेळी एवढं बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ‘आमच्यात हत्यार आपल्या मनाने खाली ठेवत नाहीत. ज्याने दिलं त्याला सांगावं लागतं. मला ती बँकेची खुर्ची हवी होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. त्याचं पण बोट कापलेलं, तो समजून घेईल, असं वाटलं. त्याला सांगून झालं असतं की मग तुझ्या आईला सांगणं अवघड नव्हतं. तो हो म्हणाला, असं सांगितलं असतं. आक्काचं, तुझ्या आत्याचं, तोंडच बंद झालं असतं.’ ते जरा हसले. ‘तू म्हणालीस तो तिथे नाहीच. मग राहिलो मी एकटा, आणि समोर तुम्ही सगळे.’

‘पण तुम्ही वर वासे बघत होतात,’ मी म्हणाले. ‘आम्हाला वाटलं...’

‘बघत होतो. काम चांगलंच होतं. चांगल्या कामाला मी कधी नाही म्हटलं?’

‘आणि नंतर? कारखान्यात?’

‘रोज भीती वाटायची. खटका दाबायच्या आधी बोटं मोजून घ्यायचो. बावीस वर्षं. सवय होईल म्हटलं, नाही झाली.’

मी विचारलं, एका शब्दाने आम्हाला का नाही सांगितलंत. ते म्हणाले, ‘तू दुसरा नान मागितलास ना, तेव्हा सांगणार होतो. पण तू इतकी खूश होतीस.’ मी पुन्हा त्यांचा हात घेतला, पुढचं बोट धरलं आणि नेलकटर लावला. बाबांनी मी तो दाबायची थोडा वेळ वाट बघितली आणि मग हात हळूच मागे घेतला.

‘राहू दे आता,’ ते म्हणाले. ‘लक्ष नाहीये तुझं.’